निवाडा संशय घेणाऱ्याच्याच हाती

गोविंद बल्लाळ देवल यांनी संशयावर दोन नाटके लिहिली. १८९० सालचे ‘झुंजारराव’ हे शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’चे मराठी रूप, त्यात नवरा निरपराध बायकोचा जीव घेतो. तीन वर्षांनी आलेले ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ मोलियरच्या ‘स्गानारेल’ या १६६० सालच्या प्रहसनातून, आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या वाटेने मराठीत उतरले. त्याचेच १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले आणि त्याला प्रेक्षक अजून पोट धरून हसतात. ऑथेल्लोच्या घरात रुमालाने आग लावली, फाल्गुनरावाच्या घरात तसबिरीने. बायको दोन्हीकडे निर्दोष आणि नवरा दोन्हीकडे हलक्या कानाचा. तरी एका नाटकाच्या शेवटी प्रेते पडतात आणि दुसऱ्याच्या शेवटी लग्न ठरते. हा फरक नायकांच्या स्वभावातला आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. संशय घेणारा माणूस स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच शिक्षा देणारा असेल, तरच मत्सराची शोकांतिका होते. थोर शोकांतिकाकारांनी हे ओळखले होते आणि आपल्या कथानकांची जुळणी त्याच बेताने केली होती.

याचा सर्वांत जुना ठळक पुरावा इ.स.पू. ४२८ मध्ये अथेन्समध्ये झालेल्या युरिपिडीजच्या ‘हिप्पोलिटस’मध्ये आहे. सावत्र मुलावर आसक्त झालेली फेड्रा गळफास घेते आणि त्याने आपल्यावर बळजबरी केली, असा खोटा आरोप लिहून ठेवते. तिचा नवरा थीसियस ती पाटी वाचतो आणि जागच्या जागी मुलाला शाप देतो. तो राजा आहे, बाप आहे आणि समुद्रदेवाने त्याला शापाचे वरदान दिलेले आहे. तीन अधिकार एका माणसात एकवटले आहेत. मुलगा त्याला विचारतो की शपथ नाही, पुरावा नाही, भविष्यवेत्त्यांचा कौल नाही, मग खटल्यावाचून मला देशोधडीला कसे लावता? कोणी म्हणेल, हे सारे अफ्रोडायटी देवीने घडवले, माणसाचा दोष काय? पण त्याच नाटकाच्या अखेरीस आर्टेमिस देवी थीसियसच्या पदरात जे माप घालते, ते रागाबद्दल नाही. पुरावा तपासला नाहीस, काळ जाऊ दिला नाहीस, याबद्दल आहे. समोर बसलेले अथेन्सचे नागरिक स्वतः शेकड्यांनी ज्यूरीत बसत असत. राजाने काय टाळले हे त्यांना समजावून सांगावे लागले नसेल.

शेक्सपियरने हेच सूत्र आणखी जाणीवपूर्वक वापरले. ‘ऑथेल्लो’ची कथा त्याने चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ मध्ये छापलेल्या संग्रहातून घेतली. मूळ कथेत रुमालाची चोरी आहे, कपटी हाताखालचा अधिकारी आहे, खूनही आहे. पण व्हेनिसच्या राजसभेतली सुनावणी नाही आणि तुर्की आरमाराची स्वारीही नाही. या दोन्ही गोष्टी शेक्सपियरने आपल्या पदरच्या घातल्या. पहिल्याच अंकात डेस्डिमोनाचा बाप ब्रबॅन्शिओ ऑथेल्लोवर आरोप करतो की, या मूराने जादूटोण्याने माझी मुलगी पळवली. मध्यरात्री युद्धाची खलबते चालू असतानाही ड्यूक दोन्ही बाजू ऐकतो, डेस्डिमोनाला बोलावणे धाडतो, तिची साक्ष घेतो आणि मगच निकाल देतो. निवाडा कसा करावा याचा हा वस्तुपाठ. पुढे वादळात तुर्की आरमार बुडते, युद्ध उरत नाही, राजसभा समुद्रापलीकडे राहते आणि सायप्रसच्या किल्ल्यात ऑथेल्लोचा शब्द हाच कायदा होतो. तिथला त्याचा पहिला निवाडा पाहा: दारूच्या झिंगेत झालेल्या मारामारीवर तो हाताखालच्या त्या कपटी इयागोचे म्हणणे ऐकतो आणि आपला दुय्यम अधिकारी कॅसिओ याला तिथल्या तिथे पदावरून काढतो. बायकोच्या बाबतीत पुढे जे होणार, त्याची ही रंगीत तालीमच आहे.

कपटाचा उलगडाही इथेच होतो. इयागो इतका दुष्ट का, यावर कोलरिजपासून पुढे टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्च केली. पण त्याचे फावते कसे, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. बढती हुकलेल्या या माणसापाशी ना पद, ना पैसा, ना फौज. जिथे दहा जणांनी विचार करून निर्णय घ्यायचा असतो, तिथे त्याला दहा जणांना फसवावे लागले असते. इथे एकाच माणसाचे कान भरले की काम झाले. आपल्याकडे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ या नाटकात इयागोच्या वळणाचा केशवशास्त्री उभा केला, तो पेशव्यांच्या वाड्यात. ही जागा त्यांनी अचूक हेरली. सत्ता एका गादीभोवती गोळा झाली की कानाशी लागणाऱ्याचे मोल वाढते.

‘ऑथेल्लो’वर एक आक्षेप १६९३ मध्ये इंग्रज टीकाकार टॉमस राइमरने घेतला होता, तोही जरा कुत्सितपणे: एका रुमालावरून एवढा अनर्थ होतो, हे हास्यास्पद आहे. आक्षेप खरा आहे, पण तो नाटकाला लागू होत नाही. ऑथेल्लोच्या निवाड्याला लागू होतो. पुरावा किती तकलादू आहे हे प्रेक्षकाला दिसावे, अशीच ती योजना आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चौथ्या अंकात ऑथेल्लो इयागोची बायको आणि डेस्डिमोनाची सखी एमिलिया हिला खोदून खोदून विचारतो, मग त्याने चौकशी केलीच नाही, असे कसे म्हणावे? पण तो विचारतो तेव्हा डेस्डिमोनाला मारायचे त्याने आधीच ठरवून टाकलेले असते. एमिलिया तिच्या शुद्धतेची ग्वाही देते आणि तो तिलाच कुंटणखान्याची राखणदारीण ठरवतो. निकालानंतर घेतलेली साक्ष साक्षीदाराचाच गुन्हा ठरते. शेवटच्या अंकात इयागो, एमिलिया, मोन्टानो आणि ग्रॅशिआनो एका खोलीत समोरासमोर येतात, तेव्हा ते सारे कारस्थान काही क्षणांत कोसळते. पण तोवर डेस्डिमोना मेलेली असते आणि खरे बोलल्याबद्दल एमिलियाही नवऱ्याच्या हातून मरते.

कोणी युरिपिडीजच्याच ‘मीडिया’चा दाखला देईल. तिच्यापाशी कसलाच अधिकार नाही, तरी तिचा मत्सर रक्तपात घडवतो. मात्र तिथे संशयाला जागाच नाही. जेसनने दुसरी बायको केली आहे, हे उघड सत्य आहे. ती कथा सूडाची आहे, आणि मीडियाची युक्तीही अधिकार नसलेल्या माणसाची आहे: राजाकडून एक दिवसाची मुदत गोड बोलून काढून घेणे. उलट शेक्सपियरच्या ‘विंटर्स टेल’मध्ये लिऑन्टीझ राजा राणीवर रीतसर खटला भरतो, डेल्फीचा कौल मागवतो. मग चौकशी करूनही अनर्थ झालाच ना? झाला, कारण न्यायासनावर फिर्यादीच बसला होता. कौल राणीच्या बाजूने लागताच त्याने तो खोटा ठरवला.

राहता राहिला शेवटचा आक्षेप: प्रहसनात माणसे मरत नाहीत, हा नाट्यप्रकाराचाच नियम, त्यात सत्तेचा संबंध काय? नियम आहे, पण तो पाळण्यासाठी लेखकाला पात्रांची मांडणी बदलावी लागते आणि ती मांडणीच बोलकी असते. मोलियरचा स्गानारेल चिलखत चढवून सूड घ्यायला निघतो, पण तलवार उपसण्याची धमक त्याच्यात नाही. अखेर एक दासी एकेकाला प्रश्न विचारत गुंता सोडवते. एमिलियाचेच हे काम, पण इथे ते वेळेवर होते. देवलांची कृत्तिका तर नवऱ्याइतकीच संशयखोर आहे. ती मुकाट्याने ऐकून घेत नाही, उलटतपासणी घेते. फाल्गुनरावापाशी संशय ऑथेल्लोहून कमी नाही. त्याच्यापाशी फक्त किल्ला नाही, फौज नाही आणि गप्प बसणारी बायको नाही.

म्हणून या नाटकांतून मत्सर वाईट एवढाच बोध घेणे अपुरे आहे. मत्सर माणसाच्या स्वभावातून कधी जाईल असे दिसत नाही आणि कान भरणारेही जाणार नाहीत. ज्याला संशय आला त्याच्या हाती निवाडा देऊ नये, हे मात्र माणसांना ठरवता येते.