दुष्काळी कामं: १८७७ आणि १९७३

गरीब घराला मदत करायची ती धान्यानं, रोख पैशानं की काम देऊन, हा वाद महाराष्ट्रात दीडशे वर्षं चालू आहे. त्याची मांडणीच चुकते, असं माझं मत आहे. दख्खनच्या दोन मोठ्या दुष्काळांत सरकारनं मार्ग एकच निवडला होता: कामावर या, खडी फोडा, माती वाहा, मजुरी घ्या. त्याच मार्गावर १८७७ साली माणसं खंगून मेली आणि १९७३ साली बहुतेक जगली. तेव्हा फरक कामात नव्हता, कामाला जोडलेल्या अटींत होता.

१८७७च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागांत धाडलं ते खर्च आवरण्यासाठी. टेंपल यांनी धडधाकट पुरुषाची रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. एवढ्यावर दिवसभर मातीकाम होणार नाही, असं मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश तेव्हाच बजावत होते. शिवाय कामं गावापासून लांब. गरज नसलेला माणूस आपोआप गळावा, हा हेतू. गळाले ते अशक्त, म्हातारे, लेकुरवाळ्या बाया. हजारो मजुरांनी काम टाकलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लढवली. ज्यांच्या हाताला कामच झेपत नव्हतं अशा मुलांसाठी जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजानं धनकवडीला अन्नछत्र चालवलं. तिजोरी रिकामी होती, धान्य नव्हतं, हा बचाव टिकत नाही. सोलापूरपर्यंत रेल्वे पोचलेली होती आणि दुष्काळ चालू असतानाच हिंदुस्थानातला गहू विलायतेला जात होता. कमी पडली ती मजुराची ऐपत, आणि ती सरकारनं स्वतः ठरवलेल्या रोजीनं आणखी खचवली.

१९७२-७३ला पिकं सलग तिसऱ्या वर्षी बुडाली. मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती, त्यांत बाया फार मोठ्या संख्येनं. मजुरी रोख होती, पोरांना सुकडी हा पूरक आहार मिळत होता, आणि कामं कमी पडली की कचेऱ्यांवर मोर्चे येत होते. त्या मोर्च्यांना मी कोणत्याही सरकारी आदेशाइतकंच श्रेय देतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधीच करून पाहिलेली, मागेल त्याला काम देण्याची कल्पना पुढे रोजगार हमीच्या कायद्यात उतरली. तो १९७७ला मंजूर झाला, १९७९ला अमलात आला, आणि त्याच्या पैशाचा मोठा भाग उभा राहिला तो शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून.

आजचा आक्षेप गंभीर आहे: उपाशी माणसाकडून खडी कशाला फोडून घ्यायची, पैसे थेट खात्यात टाका. म्हातारे, आजारी, बाळंतीण यांच्यासाठी हे मला पूर्ण मान्य आहे. पण थेट पैसे द्यायचे तर आधी कुणीतरी यादी करतं, आणि गावात यादी कोण करतं हे भूमिहीनाला ठाऊक असतं. रोजगार हमीत माणूस स्वतः काम मागतो. तो गरीब आहे की नाही हे तलाठ्यानं ठरवायचं नसतं. ही हमी पाळली मात्र गेली नाही. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असं कायद्यात होतं. तो सुरुवातीला रोज एक रुपया होता, आणि तेवढाही मजुराच्या हाती क्वचितच पडला.