होळकरांच्या कंपूतले फिरंगी

"आमचा कंपू" असं आपण सहज म्हणतो. पण कंपू म्हणजे मुळात फिरंगी पद्धतीची कवायत शिकलेल्या पलटणी. इंदूरच्या इतिहासात या कंपूंची एक अवघड गोष्ट आहे.

महादजी शिंद्यांचे कंपू उभे केले डी बॉयनने. हा साव्हॉय प्रांतातला. आधी फ्रेंच फौजेत होता, मग रशियाच्या कॅथरीन राणीकडून तुर्कांशी लढला, त्यांच्या कैदेत पडला आणि नंतर हिंदुस्थानात आला. तुकोजी होळकरांनीही दुद्रनेक नावाचा फ्रेंच नोकरीला ठेवला. १७९३ साली लाखेरीला शिंदे-होळकर आपसात लढले, तेव्हा दोन्हीकडच्या पलटणी या परक्यांच्या हाताखाली होत्या. होळकर हरले. पुढे दुद्रनेक शिंद्यांकडेच गेला!

यशवंतराव होळकरांकडे व्हिकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग असे इंग्रज नावांचे सरदार होते. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली त्यात यांचाही वाटा होता. हार्डिंग तिथेच पडला. म्हणजे मिठाला जागलेच की ते.

पण १८०३ मध्ये कंपनी सरकारने जाहीरनामा काढला: मराठ्यांची चाकरी सोडून या, तनखा देऊ. शिंद्यांचे बरेच अंमलदार गेले. त्यांचा सेनापती पेराँसुद्धा ऐन युद्धात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. यशवंतराव हे सगळं पाहत होते. १८०४ मध्ये त्यांची स्वतःची इंग्रजांशी जुंपली, तेव्हा शत्रूशी संधान असल्याच्या संशयावरून त्यांनी व्हिकर्स, डॉड आणि रायन यांची डोकी उडवली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, या तिघांशिवाय, होळकरी फौजेने कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत भर पावसात पळवलं.

यशवंतरावांचा अभिमान आपल्याला आहेच, आणि असावा. पण व्हिकर्सचंही बघा. दोन वर्षांपूर्वी ज्या धन्यासाठी जीव धोक्यात घातला, त्याच्यासाठी आता स्वतःच्याच लोकांवर तोफ डागायची. आणि धन्याने तरी विश्वास कशावर ठेवायचा? पेराँचं उदाहरण समोर होतं. मला वाटतं, खरी चूक आधीच झाली होती. कवायत शिकलो, पण हुकूम देणारा माणूस भाड्याचाच ठेवला.

आपले पूर्वजही दख्खनेतून इथे चाकरीसाठीच आले. ते मात्र इथलेच झाले. कुणाच्या घरी होळकरी पलटणीतल्या चाकरीची सनद, पगाराचा कागद, काही असेल तर जपा. जमल्यास इथे फोटो टाका.