पाडकाम

पडका किल्ला दिसला की आपण मराठी माणसं एक सुस्कारा सोडतो आणि 'कालाय तस्मै नमः' म्हणून मोकळे होतो. मीही होत असे. पण इंग्लंडात डॉर्सेट परगण्यातला कॉर्फचा किल्ला पाहिल्यापासून हा नमस्कार मी थोडी चौकशी करून घालतो. कारण तिथे काळाचा फारसा हात नाही. तिथे आहे पार्लमेंटचा रीतसर ठराव!

किल्ला काही लेचापेचा नव्हता. पर्बेकच्या डोंगररांगेत खिंड, खिंडीत एकटी टेकडी आणि तिच्या माथ्यावर पहिल्या हेन्रीने बाराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला दगडी बालेकिल्ला. उंची २१ मीटर, म्हणजे आपली सात मजली इमारत. पुढे जॉन राजाने तट वाढवले, स्वतःला राहायला देखणा वाडा बांधला आणि कैद्यांचीही सोय केली. सोय कसली? १२०२ साली त्यांतले २२ सरदार उपासमारीने मेले, असं सांगतात.

१६३५ साली सर जॉन बँक्स या कायदेपंडिताने किल्ला विकत घेतला. लवकरच राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली. साहेब राजाच्या दिमतीला, किल्ल्यावर बाईसाहेब मेरी. १६४३ साली शत्रू शिड्या लावून चढू लागला, तेव्हा बाईसाहेब, त्यांच्या मुली आणि मोलकरणी यांनी वरून दगड आणि धगधगते निखारे ओतले. सहा आठवड्यांनी शत्रू हात हलवत परत गेला. "निखारे स्वयंपाकघरातलेच असणार हो!" आमच्या सौभाग्यवतींनी शेरा मारला आणि माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

१६४६च्या फेब्रुवारीत किल्ला पडला तो तोफांनी नव्हे, फितुरीने. आतल्याच एका अधिकाऱ्याने 'कुमक आणली' म्हणून शत्रूची माणसं आत घेतली. पाचशे वर्षं टिकलेला तट, पण भगदाड पडलं ते माणसात!

किल्ला पुन्हा कुणाच्या कामी येऊ नये, म्हणून पार्लमेंटने तो पाडायचं ठरवलं. पायाखाली खणलं, दारू ठासली, बत्ती दिली. काही भिंती उडाल्या, काही बुरूज तिरपे झाले. एका दरवाजाचा अर्धा भाग तर कित्येक फूट खाली घसरला आणि अजून तसाच ताठ उभा आहे! सुटे दगड गावकऱ्यांनी घरं बांधायला नेले. आजही किल्ल्याचा बराचसा भाग गावात राहायला आहे. बाईसाहेबांच्या घराण्याकडे उरल्या त्या किल्ल्याच्या किल्ल्या! मुलाने किंग्स्टन लेसीला नवं घर बांधलं, तिथे त्या टांगलेल्या आहेत. कुलूप नाही, दार नाही, भिंत नाही. किल्ल्या मात्र शाबूत.

हीच विद्या घेऊन इंग्रज सह्याद्रीत आले. १८१८च्या सुमारास त्यांनी आपल्या कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. आणि आपण त्या तुटक्या पायऱ्यांपाशी धापा टाकत काळाला बोल लावतो! काळ बिचारा सावकाश काम करणारा. गिलावा खरवडतो, फटीत पिंपळ लावतो, पावसाची वाट पाहतो. एवढी घाई त्याला कधीच नसते. ती माणसाला असते.