जुने प्रबंध व त्यांची जपणूक

पोथ्या, बखरी व दप्तरें यांजकडे संशोधकांचें जितकें लक्ष असतें, तितकें विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील जुन्या प्रबंधांकडे नसतें. वस्तुतः टंकलिखित प्रबंध हें आमच्या मतें हस्तलिखितच होय; कारण त्याच्या प्रती मोजक्या असतात, व समासांतील दुरुस्त्या प्रत्येक प्रतींत सारख्याच सांपडतील असा भरंवसा नसतो.

महाडच्या इतिहासाशीं निगडित असें एक उदाहरण घेऊं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं येथील चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, हें सर्वश्रुत आहे. त्याच सालीं ८ जून रोजीं कोलंबिया विद्यापीठानें त्यांस पीएच्. डी. पदवी रीतसर दिली, हें मात्र थोड्यांच्याच लक्षांत असतें. प्रबंधाच्या छापील प्रती दाखल केल्याखेरीज तेथें पदवी मिळत नसे. म्हणून प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ सालीं लंडनांत छापला गेला व अभ्यासकांच्या हातीं आला. उलट, प्राचीन भारतीय व्यापारावरील त्यांचा १९१५ सालचा एम्. ए.चा प्रबंध महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडांत १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. मध्यें अठ्ठ्याहत्तर वर्षें गेलीं!

एकुलत्या प्रतीचें भवितव्य किती अनिश्चित असतें, हें इकडील लोकांस सांगावें लागत नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी यांचें पाणी महाड शहरांत घरोघर शिरलें, आणि पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथें दरडी कोसळल्या.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या नियमांनीं नव्या प्रबंधाची डिजिटल प्रत देणें आवश्यक केलें. अशा प्रती गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ संग्रहांत ठेवितात. तत्पूर्वींचे प्रबंध मात्र एकेक पान उलगडूनच चित्रित करावे लागतात. या कामीं आमची सूचना अशी कीं, घडीचे नकाशे, वंशावळी, समासांतील दुरुस्त्या व ग्रंथालयाचा दाखल-क्रमांक हीं सर्व प्रतिमेंत यावींत. पुष्पिका गाळून पोथीची नक्कल करणारास आपण जो दोष देतों, तो येथेंहि लागू आहे. शिवाय यंत्रानें वाचलेल्या मजकुरांत जोडाक्षरें चुकतात, म्हणून त्याशेजारीं पानाची प्रतिमा असलीच पाहिजे. आणि प्रतिमा झाली एवढ्यानें मूळ प्रत रद्दींत घालूं नये. शंका आली म्हणजे निर्णय मूळ कागदच देतो.

संग्राहकांच्या कपाटांतहि असे प्रबंध असतील. त्यांनीं ते पुढील पावसाळ्यापूर्वीं संबंधित ग्रंथालयास कळवावे, ही विनंति.