सुट्या भागांचा सूर : दक्षिण कोकणातील पायपेटी, बेंजो आणि इफेक्ट पेडल

मालवणच्या किनारपट्टीवर रात्र रात्र वाजणाऱ्या वाद्यांचे मुख्य अवयव बहुतेक वेळा बाहेरून आलेले असतात. पेटीतले पितळी सूर आधी युरोपातून आणि पुढे सौराष्ट्रातून आले. बेंजोच्या कळांची रचना जपानमधली आहे. इकोची चिप तैवानमधल्या कंपनीची आहे. इथल्या माणसांनी केले ते जुळणीचे, दुरुस्तीचे आणि आपल्या कानाला रुचेल असा आवाज काढण्याचे काम. गिटारीची इफेक्ट पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करून आवाज बदलणारे डबे, सुट्या भागांच्या किटवरून घरी बनवणे हा याच कामाचा अलीकडचा टप्पा आहे, आणि तो नीट समजायचा तर सुरुवात पायपेटीपासून करावी लागते.

हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून वाजवायचे होते. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल अशी पेटी घडवली आणि तीच देशभर पसरली. महाराष्ट्रात १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या नाटकांनी पेटीला आणि ऑर्गनला मोठा मान मिळवून दिला. दक्षिण कोकणातल्या दशावतार या लोकनाट्याने मात्र पायपेटीच धरून ठेवली, त्याला सबळ कारण होते. पायाने भाता चालला की दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात आणि पखवाज व झांजांच्या गजरातही सूर तुटत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पासून सैल होऊ लागली. देवळासमोरच्या मांडावर मात्र पायपेटी वाजतच राहिली.

पेटीचा जीव तिच्या सुरांत असतो. पितळी पट्टीला खाच पाडून तिच्यावर एका टोकाने रिव्हेट मारलेली पातळ जीभ म्हणजे एक सूर. हवा गेली की ती जीभ थरथरते. मोकळ्या टोकाकडे खरवडली तर सूर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो. गुजरातमधील पालिताणा हे या सुरांसाठी प्रसिद्ध झाले आणि तिथले सूर देशभरच्या कारागिरांकडे जाऊ लागले. म्हणजे पेटी बनवणारा माणूस सूर स्वतः घडवत नसे. तो लाकडी खोका, भाता, पट्ट्या आणि स्प्रिंगा बसवी, हवेची गळती बंद करी आणि शेवटी एकेक सूर कानाने लावी. आज इलेक्ट्रॉनिक किट जुळवणारा ज्या क्रमाने काम करतो, त्याच्याशी या क्रमाचे जवळचे नाते आहे. तयार भाग आणायचे, खोक्यात बसवायचे, चूक शोधायची आणि मग आवाज लावायचा. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, भात्याचे सांधे सुटतात. त्यामुळे पेटी बाळगणाऱ्याला ती उघडताही यावी लागे.

याच वाद्यावर इथला दुसरा मोठा प्रकार उभा आहे, तो म्हणजे डबलबारीचे भजन. दोन बुवा आमनेसामने बसून रात्रभर एकमेकांना गाण्यातून उत्तरे देतात. बुवा स्वतः पेटी वाजवतो आणि गातो. माईक आणि कर्णे आल्यावर गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचू लागले. नंतर त्या आवाजाला इकोही लागला. गावातल्या लोकांनी ध्वनी मुद्दाम बदलून ऐकण्याची सवय या मांडवांत लावून घेतली, हे ध्वनीच्या इतिहासात नोंदवण्यासारखे आहे.

बेंजोची गोष्ट आणखी लांबून सुरू होते. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता याने ताइशोगोतो हे वाद्य बनवले. तारांवर टाईपरायटरसारख्या कळा बसवल्या की बोटाने तार अचूक जागी दाबण्याचे कसब शिकावे लागत नाही, ही त्यामागची कल्पना. पुढच्या काही दशकांत हे वाद्य भारतात बुलबुल तरंग म्हणून रुजले. मुंबईत आणि कोकणात त्याला बेंजो म्हणतात. अमेरिकी बँजोशी त्याचा संबंध नाही. ते स्वस्त, सोपे आणि ओझ्याला हलके. एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्या हाताने नखीने तारा छेडायच्या. त्याचा नैसर्गिक आवाज मात्र क्षीण असतो. ढोल-ताशापुढे तो टिकणे शक्यच नव्हते.

हा अडथळा विजेने दूर केला. पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार ठेवली की तार हलताच वेटोळ्यात काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. गिटारीचा पिकअप याच तत्त्वावर चालतो, आणि तो बेंजोखाली बसवला की त्याचा आवाज अँप्लिफायरमधून हवा तितका वाढवता येतो. बेंजो पार्टी ही मिरवणुकीची संस्था अशीच उभी राहिली. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातल्या कामगारांची दाट वस्ती होती आणि गणपती, शिमग्याला हे चाकरमानी गावी येत. मुंबईतली वाजवण्याची ढब आणि गावाकडची गाणी यांची देवाणघेवाण या येण्याजाण्यातून झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, पण बेंजो टिकला. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी या वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. शास्त्रीय मैफलीच्या तुलनेत या वाद्याला कमी लेखण्याची रीत आहे, आणि ती अन्यायाची आहे. लोकांनी आपल्या खर्चात बसवून विजेवर चढवलेली इतकी यशस्वी वाद्ये फार थोडी आहेत.

या सगळ्यासाठी लागणारे भाग मिळायचे ते मुख्यतः मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. रेडिओ, अँप्लिफायर, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर आणि पुढे आयसी यांची दुकाने तिथे दाटीने वसली. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियम अर्धवाहकांचे उत्पादन सुरू केले आणि ट्रान्झिस्टर देशात बनू लागला. १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या इंग्रजी मासिकाने सर्किटांचे आराखडे छापले आणि हौशी माणसाला घरी काम करायला विषय मिळाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी ही स्थानके मुंबईपासून, म्हणजे सुट्या भागांच्या या बाजारापासून, एका रात्रीच्या अंतरावर आली.

इफेक्ट पेडलचा जन्म अमेरिकेत एका बिघाडातून झाला. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ (१९६१) या गाण्याचे नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रण होत असताना मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये दोष निर्माण झाला आणि ग्रेडी मार्टिनच्या वादनाचा आवाज करकरीत, फाटल्यासारखा उमटला. तो आवाज लोकांना आवडला. अभियंता ग्लेन स्नॉडी याने तसाच आवाज देणारे सर्किट तयार केले आणि गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मुळे फझ, म्हणजे हा करकरीत आवाज, जगभर पोचला. पुढच्याच वर्षी लंडनच्या आर्बिटर कंपनीचा फझ फेस आला.

फझ फेसचे सर्किट नवशिक्यांसाठी आजही सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन कपॅसिटर आणि दोन नियंत्रक. स्विच आणि जॅक सोडले तर ११ भागांत पूर्ण इफेक्ट. पहिला ट्रान्झिस्टर संकेत वाढवतो, दुसरा तो आणखी वाढवतो. बॅटरी ९ व्होल्टची, त्यामुळे लहरीची उंची एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही. गोलसर लहरीचे माथे सपाट कापले जातात आणि मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर ऐकू येतात. कान त्यालाच करकर म्हणतो. ओव्हरड्राइव्ह या सौम्य प्रकारात हीच कापणी दोन डायोडांकडून हळुवार करवून घेतात. सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्टला, तर जर्मेनियम सुमारे ०.३ व्होल्टला वाहू लागतो, आणि डायोड बदलला की आवाजाचा पोत बदलतो.

किटची परंपरा जवळपास पेडलइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमामध्ये जॉन सायमन्टन यांच्या पाया कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून संगीताची इलेक्ट्रॉनिक किट विकली. क्रेग अँडरटन यांचे संगीतकारांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक प्रकल्पांचे पुस्तक १९७५ मध्ये आले आणि सोल्डरिंग कधीही न केलेल्या वादकांच्या हाती आले. भारतात परदेशी वाद्यसामग्रीवर अनेक वर्षे आयात परवान्यांचा आणि जकातीचा मोठा अडसर होता. ज्याला पेडल हवे होते त्याच्यासमोर सुटे भाग आणून झिरो पीसीबीवर सर्किट उतरवणे हा एक व्यवहार्य मार्ग होता. गोव्यात गिटार आणि पाश्चात्य स्वरलेखन चर्चच्या शाळांमधून रुजलेले होते. गोव्याजवळच्या सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण भागातही ख्रिस्ती वस्ती आहे आणि प्रार्थनेत गिटार ऐकू येते. त्यामुळे दक्षिण कोकणात हे वाद्य परके राहिले नाही.

पहिले पेडल जुळवणाऱ्याने एका ट्रान्झिस्टरच्या बूस्टरपासून सुरुवात करावी. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा १९६०च्या दशकाच्या शेवटचा एलपीबी-१ हा त्याचा नमुना. आधी किटमधले सगळे भाग यादीशी ताडून, रोधकांचे रंगपट्टे वाचून आणि मल्टिमीटरने मोजून वेगळे ठेवतात. मग बुटके भाग प्रथम आणि उंच भाग नंतर बसवतात, म्हणजे पीसीबी उलटी केल्यावर भाग खाली पडत नाहीत. क्रम असा : रोधक, डायोड, आयसीचे सॉकेट, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि शेवटी वायरी. डायोड, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि एलईडी यांना दिशा असते, आणि पहिल्या पेडलमधला बिघाड बऱ्याचदा तिथेच सापडतो. सोल्डरिंग आयर्नने आधी पाय आणि तांब्याचा गोल तापवायचा आणि मग सोल्डर लावायचे. वितळलेले सोल्डर नुसते वरून टेकवले तर ड्राय जोड राहतो, जो आज चालतो आणि मिरवणुकीच्या मध्यावर तुटतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेला नाजूक असतो. त्याच्या पायाला चिमटा लावून उष्णता शोषून घेतात.

खोक्यात बसवण्याआधी सर्किट बाहेरच चालवून पाहणे हा या कामाचा सर्वांत शहाणा नियम आहे. आवाज येत नसेल तर वायरीच्या टोकाला कपॅसिटर जोडून ती अँप्लिफायरला लावतात आणि इनपुटपासून एकेक बिंदू तपासत जातात. संकेत जिथे हरवतो तिथे चूक. पायस्विचला नऊ पाय असतात आणि तिथली जोडणी सर्वांत किचकट, म्हणून ती आराखड्यावर खुणा करत करावी. जुन्या फझमध्ये पीएनपी ट्रान्झिस्टर असल्याने बॅटरीचे धन टोक ग्राउंडला जाते. असे पेडल इतर पेडलांच्या सामायिक अ‍ॅडॉप्टरवर जोडले तर शॉर्ट होतो, म्हणून त्याला वेगळी बॅटरी लागते. खोके अ‍ॅल्युमिनियमचे का, याचेही कारण आहे. धातूचा खोका ग्राउंडशी जोडला की ट्यूबलाइट आणि जनरेटर यांची ५० हर्ट्झची घरघर बरीचशी बाहेर राहते. मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगजवळ वाजवणाऱ्याला हे विशेष उपयोगाचे.

फझ जमला की नवशिका सहसा इकोकडे, म्हणजे डिलेकडे वळतो. जुन्या काळी इको टेपच्या फिरत्या पट्टीवर मिळे. १९७४ चा रोलंड स्पेस इको हे त्याचे गाजलेले रूप. पुढे संकेत एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकवत नेणाऱ्या चिप आल्या. त्यांच्यानंतर आलेली तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची पीटी २३९९ ही चिप कराओकेसाठी बनली होती. ती पाच व्होल्टवर चालते, सुमारे ३० ते ३४० मिलिसेकंदांचा विलंब देते, आणि विलंब वाढवावा तसा आवाज मळकट होत जातो. भारतातल्या बाजारात माईकसाठी मिळणारे स्वस्त इको बोर्ड पुष्कळदा याच चिपवर असतात आणि जगभरची डिले पेडल किटही. बुवाच्या आवाजाला इको कसा लागतो हे समजलेल्या माणसाला डिलेचे किट अर्धे आधीच समजलेले असते. आता बेंजोवाले गिटारीसाठी बनवलेले डिजिटल प्रोसेसरही वापरतात. एका डब्यात शेकडो आवाज येतात, पण तो बिघडला की गावात दुरुस्त करणे कठीण. ११ भागांचे पेडल एका संध्याकाळी उघडून बसवता येते.

किनाऱ्यावर पेडल टिकवण्यासाठी काही जादा काळजी लागते. खाऱ्या दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो, जॅकचे संपर्क काळे पडतात, व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर येते आणि बेंजोच्या तारा गंजतात. जोड पक्के झाल्यावर पीसीबीवरचा फ्लक्स पुसून वार्निशाचा पातळ थर दिला जातो. खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवतात, आणि पावसाळ्यानंतर, कार्यक्रमांचा हंगाम सुरू होण्याआधी, जॅक व नियंत्रक कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करतात. जर्मेनियमचे आणखी एक वैशिष्ट्य : तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यातला गळतीचा प्रवाह साधारण दुप्पट होतो. डिसेंबरच्या रात्री लावलेला फझ मे महिन्याच्या दुपारी तोच राहत नाही. म्हणून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरशी लहान बदलता रोधक ठेवतात आणि वाजवण्याआधी तिथला दाब बॅटरीच्या साधारण निम्म्यावर, साडेचार व्होल्टच्या आसपास, आणून घेतात.