दोन साथी, दोन शांतता

सोलापुराहून विजापुराकडे (आतां त्यास विजयपूर म्हणतात) जाणारा रस्ता वडकबाळापाशीं सीना ओलांडतो, मंद्रुपावरून पुढें जातो आणि टाकळीपलीकडे भीमा उतरून कर्नाटकांत शिरतो. या रस्त्यास रात्रींसुद्धां झोंप नाहीं, अशी आमची जन्माची समजूत होती. २५ मार्च २०२० रोजीं, पाडव्याच्या सकाळीं, ती खोटी ठरली. आदल्या मध्यरात्रीपासून सारा देश एकवीस दिवसांकरितां बंद झाला होता. गुढ्या उभ्या होत्या. त्यांकडे पाहणारें रस्त्यावर कोणी नव्हतें. औषध आणण्याच्या निमित्तानें आम्ही गांवांतून चालत गेलों, तेव्हां स्वतःच्याच वहाणांचा आवाज ऐकून आम्हांस संकोच वाटला. दारें मिटलेलीं, पण भिंतींपलीकडे भांड्यांची आदळआपट, मुलांचें रडणें, कोठें मराठी तर कोठें कानडी बोलणें, सारें ऐकूं येत होतें.

या शांततेची तुलना पुष्कळांनीं प्लेगाच्या दिवसांशीं केली. कायदा एकच होता, हें खरें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग प्रकटल्यावर पुढील फेब्रुवारींत सरकारनें साथीच्या रोगांसंबंधीं जो कायदा केला, त्याच्याच आधारें २०२० सालीं राज्य सरकारनें निर्बंध घातले. अवघ्या चार-दोन कलमांचा हा कायदा इतकीं वर्षें टिकला. सरकारास काय करतां येणार नाहीं, हें त्यांत जवळजवळ लिहिलेलेंच नाहीं, हें त्याचें एक कारण असावें. पुण्यांत गोऱ्या सोजिरांनीं घरें तपासतांना त्याचा जो अर्थ लावला, त्याचें पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर झाडलेल्या गोळींत झालें, हें वाचकांस ठाऊकच आहे.

शांतता मात्र एक नव्हे. प्लेगांत उंदीर पडूं लागले कीं लोक घरास कुलूप लावून शेतांत झोपड्या घालून राहत. रोग घरांत आहे, रान निर्धोक आहे, ही त्यांची समजूत. आणि उंदरांवरील पिसवांचा शोध लागल्यावर ती फारशी चुकीची ठरली नाहीं. गांव खरोखरच ओस पडे. २०२० चा रोग माणसाच्या श्वासांतून येणारा. म्हणून माणसापासून माणूस तोडण्याकरितां ज्यानें त्यानें घरांत बसावें असें ठरलें. गांव भरलेलें आणि रस्ता ओस. जुन्या उपायास रानांतील चार हात जागा पुरे. नव्यास घर हवें आणि घरांत महिन्याचें धान्य हवें. परमुलुखांत ज्यांच्यापाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें, तीं माणसें चालूं लागलीं.

आमच्या दारावरून जाणारा हाच महामार्ग उत्तरेस सोलापूर, तुळजापूर, बीड असा तेव्हांच्या औरंगाबादेकडे, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराकडे, जातो. त्या जिल्ह्यांत करमाडजवळ ८ मे २०२० रोजीं पहांटे सोळा मजूर मालगाडीखालीं चिरडले गेले. जालन्याहून निघून, भुसावळास गाडी मिळेल या आशेनें, ते मध्यप्रदेशांतील आपल्या घरांकडे रुळांवरून चालत होते. थकून तेथेंच झोंपले. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. रुळांवर त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या विखुरल्या होत्या.

त्या पहांटे आम्ही मंद्रुपांत पांखरांच्या आवाजानें जागे झालों होतों, आणि रस्ता बंद असल्यामुळें गाढ झोंप लागली, असें घरांत बोललोंही होतों.