मालमत्ता नकाशा संकेतस्थळ (नाशिक)

जमिनीचा किंवा मिळकतीचा भूखंड, त्याच्या हद्दी आणि अधिकार अभिलेखातील त्याची नोंद नागरिकाला घरबसल्या पाहता यावी, यासाठी चालविलेली सरकारी सेवा. नाशिकमध्ये ती मुख्यतः राज्याच्या भूमी अभिलेख विभागाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर मिळते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या भूनक्शा प्रणालीवर ते उभे आहे. जिल्हा, तालुका आणि गाव निवडून गट क्रमांक दिला, की भूखंडाची आकृती, लगतचे गट आणि खातेदारांची नावे दिसतात. सातबारा, आठ-अ आणि मालमत्ता पत्रक यांची सोय वेगळी आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. सेवा सुधारायची म्हटले, की मागणी होते ती उपग्रहचित्राच्या पार्श्वभूमीची, मोबाइलवर नीट चालण्याची आणि नावावरून शोधण्याची. या मागण्या बहुतांशी रास्त आहेत. पण त्यांच्या आधीची एक सुधारणा राहून जाते : पडद्यावरची प्रत्येक हद्दरेषा कोणत्या मोजणीतून आली, केव्हा आली आणि किती अचूक आहे, हे त्या रेषेसोबतच दिसले पाहिजे.

याचे कारण या रेषांच्या इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीतील मोजणी 33 फुटांच्या शंकू साखळीने झाली. गुंठा म्हणजे एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा, 1089 चौरस फूट. त्या मोजणीच्या टिपणांवरून गावनकाशे तयार झाले. पुढे 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले. नंतर वारसवाटप आणि खरेदी-विक्रीतून पोटहिस्से पडत गेले. काहींची मोजणी होऊन फाळणी नकाशा आणि कमी-जास्त पत्रक तयार झाले. काहींचा फक्त फेरफार नोंदला गेला. अशा गटाच्या सातबाऱ्यावर चार हिस्से असतात आणि नकाशावर एकच अखंड आकृती. कागदी नकाशे स्कॅन करून संगणकावर गिरवले, तेव्हा ही सगळी तफावतही त्यांच्यासोबत आली. 1:10,000 प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद ठरते. आजची रोव्हर या उपग्रहाधारित यंत्राने केलेली मोजणी काही सेंटिमीटरपर्यंत नेमकी असते. संकेतस्थळावर दोन्ही रेषा सारख्याच जाडीच्या आणि सारख्याच ठाम दिसतात. नकाशा केवळ माहितीसाठी आहे अशी सर्वसाधारण सूचना खाली असून भागत नाही, कारण कोणत्या रेषेवर किती विसंबायचे हे त्यातून कळत नाही.

नाशिक शहरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 1982 मध्ये महापालिका झाली तेव्हा नाशिक आणि नाशिकरोड-देवळालीसोबत भोवतालची गावे तिच्यात आली. जुने नाशिक आणि पंचवटीतल्या वाड्यांना नगर भूमापन क्रमांक आणि मालमत्ता पत्रक आहे. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी या बाजूंना सर्व्हे नंबर आणि सातबारा चालतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे भूखंड औद्योगिक विकास महामंडळाच्या भाडेपट्ट्याचे, नवीन नाशिकातली कितीतरी घरे सिडकोच्या योजनेतली आणि देवळाली छावणीच्या जमिनींची नोंदवही संरक्षण खात्याकडची. महापालिकेकडे घरपट्टीचा आणखी एक मिळकत क्रमांक असतो, पण तो इमारतीचा किंवा गाळ्याचा; जमिनीच्या हद्दीशी त्याचा सरळ संबंध नसतो. एकाच जागेची ही अनेक ओळखपत्रे एकमेकांना ओळखत नाहीत. केंद्राच्या भू-आधार योजनेतील 14 अंकी क्रमांक हा त्यावरचा उपाय आहे. मात्र तो भूखंडाच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला असल्याने मुळातली आकृती चुकीच्या जागी बसलेली असेल, तर क्रमांकही चुकीच्या जागेला चिकटतो.

पूररेषेचे उदाहरण यात निर्णायक आहे. सप्टेंबर 2008 च्या महापुरानंतर गोदावरीच्या निळ्या आणि लाल पूररेषा नाशिककरांच्या बोलण्यात रुळल्या. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोहोंच्या मधे अटी. गंगापूर रोडला नदीकाठी प्लॉट घेणाऱ्याच्या हातात सातबारा असतो आणि त्यावर पूररेषेचा उल्लेख नसतो. पूररेषा आणि विकास आराखड्यातली आरक्षणे गटनकाशावर अंथरली, तर व्यवहाराआधीच धोका कळेल. पण गटाची रेषाच पाच मीटर इकडेतिकडे असेल, तर प्लॉट रेषेच्या आत की बाहेर याचे उत्तर नकाशा देऊ शकत नाही, आणि तसे तो स्पष्ट सांगत नसेल तर गिऱ्हाईक खोट्या खात्रीने पैसे मोजेल.

यावर पहिला आक्षेप असा, की रेषेची अनिश्चितता उघड केली तर बांधावरचे तंटे वाढतील. इंग्लंडचा अनुभव वेगळे सांगतो. तिथल्या जमीन नोंदणीत नकाशावरची हद्द कायद्यानेच सर्वसाधारण मानली जाते. नेमकी हद्द हवी असेल त्याने स्वतंत्र अर्ज करून ती निश्चित करून घ्यायची. आपल्याकडेही हद्द कायम करण्याची मोजणी आहेच. रेषेवर ‘मोजणी झालेली नाही’ असे दिसले, तर कुंपण घालण्याआधी माणूस मोजणीचा अर्ज करील. दुसरा आक्षेप : आधी सगळी फेरमोजणी होऊ द्या, संकेतस्थळाचे नंतर पाहू. फेरमोजणीला वर्षे लागतात आणि त्या काळातही लोक हाच नकाशा पाहून व्यवहार करतात. रेषेचे मूळ नोंदवायला जमिनीवर जावे लागत नाही. टिपण, फाळणी नकाशे आणि मोजणीच्या नकला भूमी अभिलेखाच्या दप्तरात आहेत. कोणत्या गटांची फेरमोजणी आधी करायची, हेही त्यातून ठरवता येईल. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खालील लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज त्याच पडद्यावरून, त्याच गटावर बोट ठेवून करता आला, तर चूक दिसणे आणि ती दुरुस्त होणे यांतले अंतर कमी होईल.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. सातबारा पूर्वीपासून खुला आहे हे खरे. पण गावात जाऊन एक उतारा काढणे वेगळे आणि एका नावावरून कुणाची जिल्हाभरातली जमीन, घर आणि घरपट्टीची थकबाकी एकत्र पाहता येणे वेगळे. एकट्या वृद्धेची किंवा परगावी राहणाऱ्या खातेदाराची जमीन हेरणाऱ्याला असा शोध आयता हाती येईल. म्हणून नकाशा, हद्दींचे मूळ, आरक्षणे आणि पूररेषा सर्वांना खुल्या असाव्यात. शोध जागेवरून किंवा गट क्रमांकावरून व्हावा. नावावरून एकत्रित शोध खातेदाराला स्वतःच्या मिळकतींपुरता मिळावा, आणि आपल्या गटाचा उतारा कुणी काढला तर त्याचा संदेश त्याला जावा.